सॉल्व्हरइतकीच भाषाही

ऑपरेशन्स रिसर्च शिकवताना माझा सगळा भर सॉल्व्हरवर, म्हणजे मॉडेलचं उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रामवर, असायचा. सिम्प्लेक्स, ब्रँच अँड बाउंड, कटिंग प्लेन या त्याच्या पद्धती हेच खरं गणित. मॉडेल कोणत्या भाषेत उतरवलं ही केवळ सोयीची बाब, असं मी मानत होते आणि वर्गातही तेच सांगत होते. ओपन सोर्स मॉडेलिंग भाषांविषयी तर माझं मत एका वाक्यात संपायचं: ज्यांना लायसन्स परवडत नाही त्यांच्यासाठी त्या ठीक आहेत. हे मत आता माझं राहिलेलं नाही.

ते बदललं एका अगदी छोट्या उदाहरणामुळे. जॉर्ज डँट्झिग यांच्या १९६३ च्या पुस्तकाचा संदर्भ देणारं हे वाहतुकीचं गणित जीएलपीके या मुक्त पॅकेजसोबत मिळतं. सिएटल आणि सॅन डिएगोला डबाबंद मालाचे दोन कारखाने आहेत, क्षमता ३५० आणि ६०० पेट्या. बाजार तीन: न्यूयॉर्कला ३२५, शिकागोला ३०० आणि टोपिकाला २७५ पेट्या हव्यात. भाडं पेटीमागे दर हजार मैलांना ९० डॉलर. कमीत कमी खर्चात माल कसा पाठवायचा?

पंचकार्डांच्या काळापासून चालत आलेल्या एमपीएस फॉरमॅटमध्ये हेच गणित उघडलं, तर ठरावीक रकान्यांत मांडलेली नावं आणि आकडे दिसतात. सिएटल ते न्यूयॉर्कच्या चलासमोर ०.२२५ असा आकडा असतो. तो कुठून आला, याचा फाइलमध्ये मागमूस नाही. जीएलपीकेच्या मॅथप्रॉग भाषेत मात्र एक ओळ स्पष्ट लिहिलेली असते: भाड्याचा दर गुणिले हजार मैलांतलं अंतर, भागिले हजार. अंतर २.५ हजार मैल, दर ९०, म्हणून पेटीमागे ०.२२५ हजार डॉलर. उद्या डिझेल महागलं तर कोणता आकडा बदलायचा, हे गणित न शिकलेल्या गोदाम व्यवस्थापकालाही त्या ओळीवरून कळेल. एमपीएसमध्ये सहाही मार्गांचे आकडे बाहेर काढून, हाताने गुणून पुन्हा भरावे लागतील.

खरी गोष्ट तर पुढेच आहे. या गणिताचं उत्तर १५३.६७५ हजार डॉलर. पण सिएटलहून आणि सॅन डिएगोहून न्यूयॉर्कचं अंतर इथे सारखंच धरलेलं आहे. त्यामुळे सिएटलने न्यूयॉर्कला ५० पेट्या पाठवल्या काय किंवा एकही नाही पाठवली काय, एकूण खर्चात एका डॉलरचाही फरक पडत नाही. उरलेला माल सॅन डिएगो पुरवतं. दोन सॉल्व्हर दोन वेगळे आराखडे देऊ शकतात आणि दोन्ही बरोबर. कागदावर हे किरकोळ वाटतं. सिएटलच्या कारखान्यात काम करणाऱ्याला ते किरकोळ नाही. त्याच्या वाट्याचं ५० पेट्यांचं काम गणिताने ठरवलेलं नसतं. सॉल्व्हर कोणत्या टोकाला जाऊन थांबला, एवढ्यावर ते ठरलेलं असतं. सॉल्व्हर कितीही तेज असला तरी हे तो आपणहून सांगत नाही. मॉडेल वाचता आलं, ते दुसऱ्या सॉल्व्हरवर चालवता आलं, तरच लक्षात येतं. मग सिएटलला किमान अमुक काम मिळायला हवं, हे बंधन एका ओळीत घालता येतं.

वाचता येणारं मॉडेल ही कल्पना काही ओपन सोर्सवाल्यांची नाही. गॅम्स या मॉडेलिंग भाषेची सुरुवात १९७० च्या दशकात जागतिक बँकेत झाली. एएमपीएल १९८५ मध्ये बेल लॅब्जमध्ये घडली, फोरर, गे आणि कर्निहन यांच्या हातून. मॅथप्रॉग ही एएमपीएलचाच एक भाग उचलून बनलेली भाषा आहे. हे ऋण मोठं आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. तरीही एक अडचण उरते. गॅम्स, एएमपीएलसारख्या बंद भाषेतलं मॉडेल कुणालाही वाचता येईल, पण चालवून पाहता येईल ते लायसन्स असलेल्यालाच. माझे विद्यार्थी कॉलेजातून बाहेर पडले की शैक्षणिक परवाना संपायचा. मेहनतीने लिहिलेली फाइल लॅपटॉपवर असायची, पण ती निर्जीव.

म्हणूनच ओसेमोसिसचं मला मोल वाटतं. देशाच्या वीजनिर्मितीचं दीर्घकालीन नियोजन करणारं हे मॉडेल २०११ मध्ये मांडलं गेलं, तेही मॅथप्रॉगमध्ये. महागडी सॉफ्टवेअर घेऊ न शकणाऱ्या देशांतल्या नियोजनकर्त्यांनाही ते वापरता यावं, हा त्यामागचा उघड हेतू होता. कोळसा किती, सौर किती, कोणत्या वर्षी नवं केंद्र उभारायचं हे ज्या समीकरणांवरून सुचवलं जातं, ती समीकरणं त्या देशातला एखादा अभ्यासक स्वतः चालवून तपासू शकतो. ‘परवडत नाही त्यांची सोय’ म्हणून मी जे बाजूला सारत होते, ते खरं तर पडताळणीचं साधन आहे.

आता मी जम्पमध्ये शिकवते. एमआयटीतल्या विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये सुरू केलेली ही मॉडेलिंग भाषा ज्युलिया या प्रोग्रामिंग भाषेच्या आत राहते. सँडिया प्रयोगशाळेतली पायोमो पायथनमध्ये आहे, ज्यांना पायथन येतं त्यांनी ती खुशाल घ्यावी. जम्पमध्ये सॉल्व्हर बदलायला सहसा एकच ओळ बदलावी लागते. त्यामुळे एडिनबराच्या हाय्स (HiGHS) या मुक्त सॉल्व्हरवर चालवलेलं मॉडेल लगेच दुसऱ्यावर चालवून उत्तरं शेजारी ठेवता येतात. मी वर्गात ते करायला लावतेच.

सॉल्व्हरविषयीचं माझं जुनं मत मात्र मी पूर्ण सोडलेलं नाही. पूर्णांक चलांची मोठी, अवघड गणितं आली की पैसे मोजून घेतलेले सॉल्व्हर अजूनही पुढे असतात. तिथे मी ते वापरते. मॉडेल तेवढं मुक्त भाषेत लिहिलेलं असतं.

एका प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मॅथप्रॉगमध्ये मॉडेल आणि डेटा वेगळे ठेवता येतात, आणि अनेकजण मॉडेल जाहीर करून डेटा झाकून ठेवतात. समीकरणं सगळी दिसतात, पण तो ९० चा दर दिसत नाही. खासगी वाहतूक कंपनीने आपले दर उघडे करावेत, असं मी म्हणू शकत नाही. धंदा त्यावरच चालतो. पण जी योजना करातून आलेल्या पैशावर उभी राहते, तिच्या बाबतीत डेटा झाकण्याचं एकही कारण मला पटत नाही.