तू म्हणण्याची उंची

दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एक लाकडी खोकं, आणि त्यात लोकरीच्या जाड सपाता. लहानमोठ्या, वापरून मऊ पडलेल्या. "मामा, बूट इथेच काढ आणि तुझ्या मापाच्या शोध," भाचा म्हणाला. ओले बूट फळीवर लावले, काठ्या कोपऱ्यात उभ्या केल्या आणि हाताला लागल्या त्या सपातांत पाय घातले. आतून त्या अजून कोमट होत्या. माझ्या आधी कुणीतरी नुकत्याच काढून ठेवल्या असणार. परक्या माणसाच्या पायांची ऊब आपल्या तळव्यांना लागते आहे, हे जाणवलं आणि मी जरा वेळ तसाच उभा राहिलो.

हे फ्रीझनबर्गहाउस. ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात, झिलरटालच्या डोंगरांत, २४९८ मीटरवर. मायरहोफन गावातून बस श्लेगाइसच्या धरणापर्यंत येते. पुढची सातशे मीटरची चढण आपल्या पायांनी चढायची. आधी झाडी, मग गवत, मग नुसते दगड. दम खायला थांबून मागे पाहावं तर खाली धरणाचं पाणी. हिमनदीने दळलेल्या खडकाचं पीठ त्यात उतरतं, म्हणून ते दूध घातल्यासारखं हिरवं दिसतं. पलीकडच्या शिखरांच्या कुशीत हिमनदी आहे. ती किती मागे हटली आहे, हे खालच्या उघड्या, करड्या दगडांवरून कुणी न सांगता कळतं.

अशा घराला जर्मनमध्ये 'ह्युट्टे' म्हणतात. मराठीत काय म्हणावं, हे चढताना मी मनात घोळवत होतो. झोपडी म्हणावं तर भिंती दगडी आणि वर मजले. 'शॅले' हा शब्द आपल्या ओळखीचा, पण त्याचं कूळ वेगळं. स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात, उन्हाळ्यात गुरं घेऊन वरच्या कुरणांवर जाणारे गवळी ज्या लाकडी खोपटात राहत आणि चीज करत, ते शॅले. रुसोच्या १७६१ सालच्या कादंबरीने तो शब्द युरोपभर नेला आणि पुढे तो सुट्टीच्या बंगल्यांना चिकटला. ह्युट्टे बांधल्या त्या गिर्यारोहकांच्या संस्थांनी. स्विस आल्पाइन क्लब १८६३ साली निघाला आणि त्याच वर्षी त्याने ट्योडी शिखराच्या वाटेवर पहिला निवारा उभारला. वाट चालणाऱ्याला रात्रीपुरतं छप्पर मिळावं, एवढाच हेतू. मला शब्द सापडला: धर्मशाळा. तेव्हा तो अगदी चपखल वाटला.

संध्याकाळी सगळे एकाच खोलीत जमतात. तिला 'श्टुबं' म्हणतात. आपलं माजघर म्हटलं तरी चालेल. लाकडाच्या भिंती, लांब बाकं, आणि जिथे जागा असेल तिथे बसायचं. आमच्या शेजारी एक म्हातारं जोडपं होतं, समोर दोन विद्यार्थिनी, टोकाला दाढीवाला सुतार. चिजाचे तळलेले चपटे गोळे घातलेलं सूप आलं, मागून काइझरश्मार्न. जाड, फुगीर धिरडं तव्यावरच फाडून त्याचे तुकडे करतात, वर पिठीसाखर भुरभुरतात आणि सोबत आलुबुखाराचा मुरांबा देतात. घर सांभाळणारी बाई आली, भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारून गेली. तो हसत होता. म्हणाला, "मामा, ती मला 'डू' म्हणाली. म्हणजे तू. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी दोन वर्षं 'झी' म्हणतोय, म्हणजे तुम्ही. इथे रीतच आहे, हजार मीटरच्या वर 'झी' नाही." सुताराने मध्येच दुरुस्ती केली, त्याच्या गावात दोन हजार मीटर म्हणतात. मग टेबलावर बराच वेळ त्यावरच बोलणं चाललं.

तू आणि तुम्ही यांतलं अंतर मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आईला आपण तू म्हणतो, विठोबालाही तूच म्हणतो. माझ्या पिढीत वडिलांना मात्र अहो. मी बारा वर्षांचा असताना वडील मला राजगडावर घेऊन गेले होते. पद्मावतीच्या देवळात एका सतरंजीवर आम्ही दोघं झोपलो. रात्री थंडी वाजली तेव्हा त्यांनी आपलं धोतराचं पान माझ्या अंगावर ओढलं. मी अर्धवट झोपेत म्हणालो, "तुला नको का?" घरी असं कधी तोंडातून गेलं नसतं. त्यांनी काहीच म्हटलं नाही, फक्त जवळ ओढून घेतलं. सकाळी गड उतरताना मी पुन्हा अहो म्हणायला लागलो. त्या एका रात्रीचं तू मी अजून जपून ठेवलं आहे. डोंगरावर थंडी, भूक आणि अंधार सगळ्यांना सारखा असतो, तिथे मानाचं अनेकवचन आपोआप गळून पडतं, असं मला तेव्हापासून वाटत आलं होतं.

पण ते आपोआप गळत नाही. जेवणानंतर भाच्याने मला या घराची हकीकत वाचून दाखवली.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या सामाईक गिर्यारोहण संघात ज्यूंना बाहेर काढण्याची लाट आली. शाखा एकामागून एक नियम करू लागल्या की ज्यू माणूस सभासद होऊ शकणार नाही. ज्यू आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले लोक यांनी १९२१ साली व्हिएन्नात 'डोनाउलांड' नावाची शाखा काढली. १९२४ साली संघाने ती अख्खी शाखाच काढून टाकली. ज्यू नकोत, अशा पाट्या डोंगरातल्या घरांवर लागल्या. ज्या घरांत सगळ्यांना 'डू' म्हणायची रीत, त्याच घरांवर. मग या हाकललेल्या लोकांनी आणि बर्लिनमधल्या त्यांच्या साथीदारांनी पैसे जमवून स्वतःचं घर बांधलं. १९२८ ते १९३० या काळात उभं राहिलेलं ते घर म्हणजे हेच फ्रीझनबर्गहाउस. नाझींच्या राजवटीत ते त्यांच्या हातून गेलं. युद्धानंतर परत मिळालं, पण सांभाळायला माणसंच उरली नव्हती. १९६८ साली ते जर्मन संघाच्या बर्लिन शाखेकडे आलं. २००३ साली संघाने आपला जुना दोष कबूल करून हे घर असहिष्णुता आणि द्वेषाच्या विरोधात लोकांनी एकत्र येण्याची जागा म्हणून वाहिलं.

वर झोपायला गेलो. एका ओळीत गाद्या, प्रत्येकीच्या पायथ्याशी घडी घातलेलं घोंगडं. आपली चादरीची पिशवी पसरायची, उशाशी विजेरी ठेवायची. दहाच्या पुढे बोलायचं नाही. अंधारात सात-आठ माणसांचे श्वास ऐकत मी माझ्या 'धर्मशाळा' शब्दाकडे पुन्हा पाहिलं. आपल्या तीर्थक्षेत्रांतल्या कितीतरी धर्मशाळांच्या दारावर संगमरवरी पाटी असते आणि ती कोणत्या ज्ञातीसाठी हे त्या पाटीवर कोरलेलं असतं. हे घर बांधायला घेण्याच्या आदल्याच वर्षी, मार्च १९२७ मध्ये, रायगडाच्या पायथ्याकडच्या महाडात बाबासाहेबांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. गुरं जिथे पाणी पीत, तिथे माणसांना मज्जाव होता. कुणी कुणाला तू म्हणावं याची रीत आपल्या गावांतही होती. वयाने मोठ्या दलिताला सवर्णाचं पोरगं अरे-तुरे करायचं, तेही तूच. म्हणजे शब्द एकटा काहीच सिद्ध करत नाही. ते तू दोन्ही बाजूंनी म्हणता येतं का, तेवढंच पाहायचं.

दोन्ही बाजूंनी चालणारी अशी एक रीत या डोंगरांत आहे. आल्प्समध्ये संकटात सापडलेल्याने द्यायची खूण ठरलेली आहे. एका मिनिटात सहा वेळा साद द्यायची, हाकेने, शिट्टीने किंवा दिव्याने, आणि मग मिनिटभर थांबायचं. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन वेळा प्रतिसाद द्यायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे ठरलं. त्या सादेत नाव नसतं, गाव नसतं. ऐकू आली की उत्तर द्यायचं.

सकाळी निघताना बाईने जाड वही पुढे केली. आल्या-आल्या मी तिच्यात घाईने काहीतरी खरडलं होतं. आता भाच्याने रकाने वाचून दाखवले: नाव, गाव, इथून कुठे जाणार. आपल्याकडे पहिल्या ओळखीत "आडनाव काय?" असं विचारतात तेव्हा आतून काय चाचपलं जातंय, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. मी भाच्याला विचारलं, हे कशासाठी लिहून घेतात? त्याने तिला विचारलं. तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. वाटेवर ढग उतरत होते. "तू पुढच्या घरी पोहोचला नाहीस, तर शोधायला कुठे जायचं ते आम्हाला कळावं म्हणून."

मी माझं पूर्ण नाव सावकाश, स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिलं. सपाता काढून खोक्यात ठेवल्या. त्या अजून कोमट होत्या.