कच्चं मडकं

आमच्या आयटीत नव्या पोराला 'कच्चं मडकं' म्हटलं की विषय संपतो. कुंभाराच्या लेखी मात्र कच्चं म्हणजे फक्त न भाजलेलं! वाळलेलं कच्चं मडकं पाण्यात विरघळतं, त्याच मातीचं पुन्हा नवं घडवता येतं. आव्यात साधारण ६०० अंशांच्या पुढे मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून गेलं, की परतीची वाट बंद. मग फुटलं तर खापरच. काचेसारखी झिलई हवी असेल तर पुन्हा भट्टीत घालावं लागतं. नारायणगडाहून येताना बीडात घेतलेल्या माझ्या माठाला झिलई नाही, म्हणून तर पाणी झिरपतं आणि गार राहतं!

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने तपासून नामदेवांना कच्चं ठरवलं, अशी कथा आहे. पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. तेव्हा मंडळी, अप्रेझलला 'कच्चा आहे' असं लिहिलंत, तर त्याला शिकवणार कोण, तेही लिहा.