छोटा हत्ती आणि तीस फ्रेम्स

माझा आतेभाऊ चित्रकार आहे. म्हणजे फुलटाइम! ‘जॉब सांभाळून वीकेण्डला पेंटिंग’ या कॅटेगरीतला नाही. सकाळी उठून चित्रच काढणारा आणि महिन्याच्या शेवटी त्याच पैशांतून लाइटबिल भरू पाहणारा. हे सांगितलं की माझ्या ऑफिसवाल्या दोस्तांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘वॉव, मग जहांगीरला एक्झिबिशन झालंय का?’ आणि दुसरा, आवाज जरा खाली आणून, ‘पण मग भागतं कसं?’

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मुंबईतली जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली १९५२ साली. तेव्हापासून आजपर्यंत कुठल्याही मराठी चित्रकाराला विचारा, त्याच्या स्वप्नात ती असतेच. अर्ज केल्यावर तारीख मिळायला काही वर्षं थांबावं लागतं. दादाने अर्ज केलाय. थांबलाय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला स्वतःलाच माहीत नव्हतं. म्हणून गेल्या जानेवारीत मी बॅग भरली आणि त्याच्या चिपळूणच्या प्रदर्शनाला तीन दिवस ‘हेल्पर’ म्हणून गेले.

थोडी बॅकग्राउंड देते. दादा पुण्यात एका ॲड एजन्सीत सात वर्षं होता. पगार झकास, काम काय तर साबणाच्या वेष्टनावरचा हिरवा रंग ‘अजून थोडा फ्रेश’ करून देणं. २०१९ मध्ये त्याने नोकरी सोडली. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. बॉस, टायमिंग बघा! मग तो, वहिनी आणि त्यांची चिमुरडी असे तिघं कऱ्हाडला, आत्याच्या घरी परत आले. वहिनीला तिथल्या एका पतसंस्थेत नोकरी लागली. तेव्हापासून घर चालतं ते वहिनीच्या पगारावर आणि दादाच्या ‘येतील तेव्हा येतील’ पैशांवर.

आम्ही निघालो त्याच्या आदल्या रात्री वहिनी पोळ्या लाटता लाटता शांतपणे म्हणाली, ‘गावातल्या एका शाळेत ड्रॉइंग टीचरची जागा निघालीये. जूनपासून. चिपळूण बघू, मग ठरवू.’

दादा काहीच बोलला नाही. फ्रेमांना गोधड्या गुंडाळत बसला.

काच सांभाळा, बाकी देव सांभाळेल

प्रदर्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढऱ्या भिंती, हातात वाइनचा ग्लास आणि चित्रापुढे मान तिरकी करून उभी असलेली माणसं. दादाचं प्रदर्शन सुरू होतं ‘छोटा हत्ती’पासून. हो, तोच टेम्पो, ज्यातून आपण फ्लॅट बदलताना फ्रिज नेतो. त्यात तीस फ्रेम्स उभ्या लावायच्या, प्रत्येक दोन फ्रेमांच्या मध्ये आत्याची जुनी गोधडी. दादा वॉटरकलरमध्ये काम करतो. चित्र कागदावर, म्हणून वरती काच हवीच. कऱ्हाडहून पाटण, कोयना करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि प्रत्येक वळणाला मागून ‘खळ्ळ’ ऐकू येतंय का, इकडे कान लावून बसायचं. या वेळी एकच काच फुटली. दादाच्या मते हे ‘सॉलिड लक’ होतं.

सीझनही ठरलेला. दिवाळी झाली की सुरू, मे संपायच्या आत बंद. पावसाळ्यात कोकणात वॉटरकलर न्यायचं म्हणजे कागदाला बुरशीचं निमंत्रण. या सहा-सात महिन्यांत सांगली, रत्नागिरी, सावंतवाडी, फलटण अशी गावं घ्यायची. कुठे वाचनालयाचा हॉल, कुठे शाळेचा, कुठे मंगल कार्यालय, तेही लग्नाचा मुहूर्त नसेल त्या दिवशी. भिंतीला खिळा मारायला परवानगी नसते. त्यामुळे बांबूचे स्टॅण्ड, सुतळी आणि एस आकाराचे हूक हेच आपलं गॅलरी लाइटिंग, डिस्प्ले आणि इंटिरिअर!

मोठ्या शहरांतल्या गॅलऱ्या दादाने करून पाहिल्यात. एका गॅलरीने विक्रीतला तिसरा हिस्सा कापून घेतला आणि उरलेले पैसे द्यायला आठ महिने लावले. ‘इथं निदान टेबलावर मीच बसतो,’ तो म्हणतो.

‘हे हाताने काढलंय?’

पहिल्या दिवशी टेबलावर अभिप्रायाची वही घेऊन मी बसले होते. पहिल्या तासाभरात सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न, ‘हे हाताने काढलंय का हो?’ दुसरा, ‘एक काढायला किती वेळ लागतो?’ तिसऱ्या गृहस्थांनी प्रश्नच विचारला नाही. आवडलेल्या चित्राचा मोबाइलवर फोटो काढला आणि बायकोला म्हणाले, ‘फ्लेक्सवाल्याकडून मोठी प्रिंट मारून घेऊ, स्वस्तात पडेल.’ दादाच्या समोर! मी भडकले. दादा हसला, त्यांना चहा दिला.

मग मात्र मजा यायला लागली. एक शाळेचे सर चाळीस पोरांची रांग घेऊन आले. पोरं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटवाली. आठवतात ना त्या ड्रॉइंगच्या परीक्षा? वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र! एका मुलीने दादाला थेट विचारलं, ‘सर, तुम्हाला इंटरमिजिएटला कुठली ग्रेड होती?’ दादा म्हणाला, ‘बी.’ अख्ख्या रांगेच्या चेहऱ्यावर असा काही दिलासा पसरला की विचारू नका. पुढचा पाऊण तास तो त्यांना पाण्याचा थेंब कागदावर कसा पळतो, ते दाखवत होता.

दुपारी लुंगी आणि शर्ट घातलेले एक आजोबा आले. गोवळकोट धक्क्याच्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, हरवून गेले बहुतेक. ते म्हणाले, ‘चिखल दाखवलाय म्हंजे ओहोटी. मग पाणी चाललंय समुद्राकडं. होडी नांगरलेली आहे ना? मग तिचं तोंड समुद्राकडं कसं? ओहोटीला होडी अशी ऱ्हात नाय.’

दादा त्या चित्रासमोर जाऊन उभा राहिला. मग त्याने ती फ्रेम काढली आणि उलटी करून टेबलाखाली ठेवली. सात हजार किंमत लावलेलं चित्र! ‘अरे, कुणाला कळणारे?’ मी म्हटलं. ‘त्यांना कळलं ना,’ तो म्हणाला.

छोट्या गावात चित्रातलं कोणाला काय कळतंय, असं आपण शहरात बसून सहज बोलून जातो. पण जरा आठवा. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती गावोगावच्या घरांत पोचल्या. मुळगावकरांची कॅलेंडरं वर्ष संपल्यावरही भिंतीवरून उतरत नसत. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ अंक सुरू केला, त्याची मुखपृष्ठं लोकांनी कापून जपून ठेवली. सातारा जिल्ह्यातलं औंध घ्या. तिथल्या भवानी संग्रहालयात रविवर्मा आहे, धुरंधर आहेत आणि चक्क हेन्री मूरचं शिल्पही आहे. गावाच्या राजालाच, बाळासाहेब पंतप्रतिनिधींना, चित्रांचा नाद होता. आणि चिपळूणपासून जवळच सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे. तिथली तीन मुलं दुसऱ्या दिवशी आली आणि दादाशी कागदाच्या जाडीवरून तासभर भांडून गेली.

फरक एवढाच की तेव्हा राजे होते. कोल्हापूरला शाहू महाराजांचा आबालाल रहिमान यांना आधार होता. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली, असं कोल्हापुरात अजून सांगतात. दादाच्या वाट्याला एक राजा नाही. त्याच्या वाट्याला डेंटिस्ट, वकील, नवा फ्लॅट घेतलेलं जोडपं आणि निवृत्त शिक्षक येतात. प्रत्येकाकडून थोडं थोडं.

रेघेच्या वर

एक काकू तिन्ही दिवस आल्या. पहिल्या दिवशी बाजाराच्या पिशवीसकट. जुन्या कौलारू घराच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनाचं एक छोटं चित्र होतं, किंमत चार हजार. त्यासमोर उभ्या राहिल्या, किंमत वाचली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी परत. वहीत फक्त ‘छान’ लिहिलं. तिसऱ्या दिवशी काकांना घेऊन आल्या. काकांनी चित्र पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘हे ओलं झालं तर काय होतं?’

दादा खरं तेच बोलला. ‘काका, वॉटरकलर आहे. पाणी आत गेलं तर संपलं.’

मग काकू बोलल्या. २२ जुलै २०२१. चिपळूणमध्ये ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं. सकाळी दोघं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे जाऊन बसले आणि जिन्याची एकेक पायरी बुडताना बघत राहिले. फ्रिज, कपाट, गाद्या, सगळं नंतर पुन्हा घेतलं. फोटोंचे अल्बम मात्र मिळाले ते चिखलाच्या विटांसारखे. लग्नाचे, मुलांच्या बारशाचे, सासूबाईंचे, सगळे. ‘तेव्हापासून हॉलच्या भिंतीवर काही लावलंच नाही,’ काकू म्हणाल्या. ‘काय लावायचं? आमच्या माहेरचं अंगण अस्संच होतं.’

घासाघीस झाली नाही. काकूंनी दीड हजार दिले आणि विचारलं, ‘बाकीचे दर महिन्याला पाचशे दिले तर चालतील?’ दादा हो म्हणाला. वर हेही म्हणाला, की चित्र लावून द्यायला मी येतो.

संध्याकाळी हॉल आवरून आम्ही त्यांच्या घरी गेलो. भिंतीला नवा रंग होता, पण दाराच्या चौकटीवर काकांनी पुराच्या पाण्याची रेघ पेन्सिलने आखून ठेवली होती, तारखेसकट. ती माझ्या डोक्याच्याही वर होती. दादाने टेप घेतली, रेघेपासून एक फूट वर खूण केली. ‘आणखी थोडं वर,’ काकू म्हणाल्या. त्याने आणखी अर्धा फूट घेतलं. चित्र जवळजवळ छताला टेकलं. खालून बघायला मान वर करावी लागत होती. एजन्सीत असता तर दादाने ‘आय लेव्हल’वर लेक्चर दिलं असतं. इथे तो स्टुलावरून उतरला आणि म्हणाला, ‘बरोबर आहे. इथंच हवं.’

हिशेब

आता तुमचा दुसरा प्रश्न. भागतं का?

परतीच्या वाटेवर कोयनेला चहा घेताना मी दादाची डायरी मागून घेतली. हॉलचं भाडं तीन दिवसांचं ४,५००. छोटा हत्ती जाऊन-येऊन ७,०००. फ्लेक्स, निमंत्रणं, चहा-बिस्किटं ३,०००. लॉज ३,६००. जेवणं १,९००. झाले २०,०००. विकली गेली चार चित्रं : ८,०००, ६,५००, ५,००० आणि काकूंचे ४,०००. म्हणजे २३,५००. फुटलेल्या काचेचे ५०० वजा. काकूंचे २,५०० यायचे आहेत. थोडक्यात, तीन दिवसांनंतर हातात राहिले पाचशे रुपये. रंग, कागद, फ्रेम आणि चार महिन्यांची मेहनत यात धरलेलीच नाही.

मी फ्रीलान्सर आहे. एका लेखाचे किती मिळतात आणि ते किती दिवसांनी मिळतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरीही पाचशेचा आकडा बघून मला धस्स झालं. वहिनीला हे काय सांगायचं?

वहिनीने डायरी घेतली आणि शेवटच्या पानावर गेली. तिथे एक नोंद मी बघितलीच नव्हती. उद्घाटनाला आलेल्या एका डेंटिस्टने वडिलांचं पोर्ट्रेट सांगितलं होतं. जुन्या फोटोवरून, अठरा हजार, निम्मे ॲडव्हान्स. ‘म्हणजे प्रदर्शन ही तुझी कमाई नाही, ती तुझी जाहिरात आहे,’ पतसंस्थेतल्या वहिनीने निकाल दिला. ‘मग तिला जाहिरातीसारखंच बजेट लाव. वर्षाला तीन गावं, सहा नाही. पोर्ट्रेट महिन्याला एक तरी. आणि शाळेला विचार, आठवड्याचे तीनच दिवस चालतील का.’

शाळेला चाललं. जूनपासून दादा सोमवार ते बुधवार ड्रॉइंगचे सर असतो. काही मित्र म्हणाले, ‘शेवटी कॉम्प्रोमाइज केलंच!’ मला तसं वाटत नाही. गुरुवारी सकाळी त्याला वहिनीच्या पगाराकडे बघून ब्रश उचलावा लागत नाही, हे त्याच्या चित्रांत दिसायला लागलंय. गोवळकोटचा धक्का त्याने पुन्हा काढलाय. होडीचं तोंड आता बरोबर आहे.

आणि काकू? फेब्रुवारीपासून दर महिन्याच्या एक तारखेला दादाच्या मोबाइलवर पाचशे रुपये जमा झाल्याचा मेसेज यायचा. एकदाही तारीख चुकली नाही. जूनमध्ये शेवटचा हप्ता आला, सोबत फोटो. चित्र तिथेच, छताजवळ. त्याच्या खाली नातवाच्या बारशाचा नवा फोटो लावलेला. तोही रेघेच्या वरच.

तर पुढच्या वेळी कोकणात किंवा देशावर फिरायला जाल आणि एखाद्या वाचनालयाच्या दारात ‘चित्रप्रदर्शन’ असा फ्लेक्स दिसला, तर गाडी थांबवा. सेल्फी काढा, हरकत नाही, पण आधी किमतीची चिठ्ठी वाचा. आपण फोन ईएमआयवर घेतो, बाइक घेतो, गोव्याची ट्रिपसुद्धा घेतो. चित्रही हप्त्याने मिळतं. फक्त विचारावं लागतं.