गाल हलले, म्हणजे हेल्मेट बसलं!

अहो, मुलांचं डोकं मापता येतं! शिंप्याच्या टेपनं, चक्क सेंटिमीटरमध्ये! भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून टेप कपाळावर धरायची, कानांच्या वरून मागे न्यायची, डोकं जिथे सगळ्यात जास्त फुगीर असतं तिथून फिरवून पुढे आणायची, की झालं. आमच्या सहा वर्षांच्या लेकीचं माप निघालं ५१. तेव्हापासून घरात येईल त्याचं डोकं मी मापत सुटले आहे. (सासूबाई ५४. हे त्या आता सगळ्यांना सांगतात.)

टेप पर्समध्ये टाकून हेल्मेट घ्यायला आम्ही तिघी, लेक, सासूबाई आणि मी, पुण्याच्या नाना पेठेत. स्पेअर पार्टच्या दुकानांत लहान मुलांची किती हेल्मेटं असावीत! कार्टूनवाली, तुरेवाली, शिंगंवाली! लेकीनं अर्थातच गुलाबी शिंगांवर हक्क सांगितला. दुकानदार काकांनी ते शांतपणे उलटं केलं आणि आतलं कापड बाजूला सारून दाखवलं. आत नुसता स्पंज! "ताई, हे फोटो काढायला ठीक आहे."

मग त्यांनी दुसरं उलटं केलं. कापडाखाली जाडजूड, टणक थर्माकोल. खरं काम हा करतो! डोकं आपटलं की तो स्वतः चेपतो आणि धक्का पिऊन टाकतो. एकदा चेपला की परत फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकाचक दिसलं तरी बाद. मागच्या बाजूला आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा आकडा. मला तर आता दुसऱ्यांच्या हेल्मेटांच्या मागे पाहायचा नादच लागलाय.

आणि मग सासूबाई बोलल्या, "जरा वाढत्या अंगाचं द्या, दोन वर्षं जाईल." गणवेश वाढत्या अंगाचा, चपला वाढत्या अंगाच्या, मग हेल्मेटनं काय घोडं मारलंय? काका वाद घालत बसले नाहीत. मोठं हेल्मेट लेकीच्या डोक्यावर ठेवलं, पट्टा लावला, दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे फिरवलं. हेल्मेट गेलं खिडकीकडे, पोरीचं तोंड आमच्याकडेच! मग मागची खालची कड धरून पुढे ढकललं, तर ते थेट नाकावर. मग मापाचं घातलं. ते फिरवल्यावर त्याच्याबरोबर गाल ओढले गेले, कपाळाची कातडी सरकली आणि लेक खदाखदा हसायला लागली. मागून ढकललं तर ढिम्म! गाल हलायलाच हवेत, ही एवढी साधी परीक्षा! सासूबाईंनी स्वतःच्या हातानं पुन्हा करून पाहिली आणि मोठं हेल्मेट परत फळीवर ठेवलं.

पट्टा हनुवटीखाली, आत एखाद-दुसरं बोट जेमतेम जाईल इतकाच. उंच पोनी आणि मोठ्या क्लिपा चालत नाहीत, हेल्मेट वर उचललं जातं. मानेपाशी खाली बांधलेल्या वेण्या उत्तम. दहा-पंधरा मिनिटं डोक्यावर राहू द्यायचं आणि काढून कपाळ पाहायचं. एकाच जागी लालभडक वळ आणि दुखतंय म्हणाली, तर ते आपलं नव्हे.

कायद्याचंही सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे ४ वर्षांवरच्या मुलांनाही दुचाकीवर हेल्मेट लागतं. त्याहून लहानांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये वेगळा नियम निघाला: ९ महिने ते ४ वर्षांच्या बाळांना हेल्मेट, चालवणाऱ्याला जोडून ठेवणारा सेफ्टी हार्नेस आणि ताशी ४० किलोमीटरच्या आतला वेग. आम्हा पुणेकरांचा हेल्मेटसक्तीवरचा वाद चालू राहील, राहू दे. पोरांना त्यात ओढू नका.

फक्त एक करा, मुलाला बरोबर न्या. नुसत्या आकड्यावर हेल्मेट आणू नका, कारण ५१ चं एक डोकं गोल असतं आणि ५१ चंच दुसरं लांबट.