महफिलीतले बलराज दत्त

आमच्या लहानपणी परभणीत रेडिओ मोजक्याच घरांत असायचा. गल्लीत तो वकीलसाहेबांकडं होता, म्हणून संध्याकाळी आम्ही पोरं त्यांच्या बैठकीत सतरंजीवर जागा धरून बसायचो. आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत दम धरायचा, मग शॉर्टवेव्हची खरखर, आणि त्यातून हळूहळू वर येणारं रेडिओ सिलोन! बाळकृष्ण केसकर 1952 साली नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. विविध भारती यायला 1957 उजाडलं. मधली वर्षं आम्ही कोलंबोच्या भरवशावर काढली.

गाण्यांइतकीच ओढ ‘लिप्टन की महफिल’ची असे. सिनेमातली मोठमोठी माणसं तिथं येत आणि बलराज दत्त त्यांना बोलतं करत. आवाज भारदस्त, पण त्यात अदब होती. परभणी तेव्हा हैदराबाद राज्यातच; वकीलसाहेबांचं सारं शिक्षण उर्दूतून झालेलं. एखादा लफ्ज नेमका पडला की ते ‘वाह!’ म्हणत आणि आम्हाला त्याचा अर्थ समजावून सांगत. ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं, फिती कोलंबोला जायच्या आणि तिथून तो आवाज समुद्र ओलांडून परभणीत यायचा, याचं आम्हाला भारी नवल वाटे.

हे बलराज दत्त म्हणजेच सुनील दत्त, हे आम्हाला मागाहून कळलं. त्यांचा जन्म 1929 चा, झेलम जिल्ह्यातल्या खुर्द गावचा. वडील लहानपणीच गेले. फाळणीच्या दंगलीत वडिलांचे मित्र याकूब यांनी कुटुंबाला आसरा दिला, म्हणून सगळे वाचले. निर्वासित होऊन ते इकडं आले, मुंबईत बेस्टच्या डेपोत नोकरी करत जयहिंद कॉलेजात शिकले आणि तिथूनच रेडिओवर पोचले. मुलाखतीला नर्गिस समोर आल्या तेव्हा तोंडून शब्द फुटेना, असं ते पुढं स्वतःच सांगत. 1955 साली रमेश सैगल यांच्या ‘रेल्वे प्लॅटफॉर्म’मधून ते पडद्यावर आले. बलराज साहनी आधीपासून होतेच, म्हणून नाव सुनील झालं.

ही हकिगत कळल्यावर वकीलसाहेब बराच वेळ बोलले. रझाकारांच्या दिवसांत आमच्या भागातल्या कितीतरी कुटुंबांनी घरदार सोडून वऱ्हाडात आसरा घेतला होता. त्यांचंही त्यात होतं. “घर सुटलेल्या माणसाच्या जिभेवर कडवटपणा येतो रे, बाळांनो. या पोरानं तो येऊ दिला नाही,” असं ते म्हणाले. सुनील दत्त 1987 साली शांततेसाठी मुंबईहून अमृतसरला पायी निघाले, तेव्हा मला पहिल्यांदा वकीलसाहेबांचेच शब्द आठवले.

1968 मध्ये परभणीला आपलं आकाशवाणी केंद्र मिळालं आणि आपल्याच माणसांचे आवाज घरात आले. त्यांच्यावर आम्ही जीव लावलाच. पण समोरच्याला मान देऊन प्रश्न विचारावा आणि त्याचं पुरतं ऐकून घ्यावं, हे आमच्या पिढीला शिकवलं ते एका निर्वासित तरुणानं. ‘मदर इंडिया’तला बिरजू सगळ्यांचा आहे, बलराज दत्त मात्र आम्हा रेडिओ ऐकणाऱ्यांचे, आणि त्यांचं ऋण मी या दिवाळीत मनापासून मान्य करतो.