वातीचा कापूस

आमच्या घरी वाती वळण्याचे काम वडील स्त्रियांकडे असते. कापूस कोणत्या शेतातून आला, हे सहसा कोणी विचारीत नाही. परंतु इ. स. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो इस्पितळात पडले. तेव्हापासून आम्हांस हा प्रश्न टाळवत नाही. त्या साली कपाशी पुरुषभर वाढली होती. फवारा वर धरावा, तो तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर व डोळ्यांत उतरत. मोनोक्रोटोफॉससारखी द्रव्ये श्वासावाटेच नव्हे, तर भिजल्या सदऱ्याखालील कातडीतूनही शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंचा व्यापार बिघडवितात. घाम, लाळ सुटते, बाहुल्या आकुंचतात, शेवटी श्वास कोंडतो.

हेच औषध भाजीपाल्यावर वापरण्यास सरकारने २००५ सालीच मनाई केली होती. कपाशीवर मात्र ते पुढेही अनेक वर्षे चालू राहिले. भाजी आपण खातो, कापूस खात नाही! खाणाऱ्याची चिंता झाली, पिकविणाऱ्याची राहिली. आम्ही सोवळ्यात वाहणारी मंडळी भाजी तीन पाण्यांनी धुतो. फवारणी आटोपलेल्या गड्यास अंग धुण्यापुरते पाणी व साबण बांधावर मिळतो काय, हे आमच्यापैकी ज्यांच्या गावी शेती आहे, त्यांनीही आजवर विचारलेले नाही.