पेनल्टी कॉर्नरला कोण ओरडणार?

आमच्या पोराचं घोडं नेमकं कुठं अडतंय, असं पालक विचारतात तेव्हा त्यांना डाएट, फिटनेस, व्हिडिओ अ‍ॅनालिसिस असलं काहीतरी ऐकायचं असतं. माझं उत्तर त्यांच्या पचनी पडत नाही. पोरं फक्त आपल्याच वयाच्या पोरांत खेळतात, हे ते उत्तर. सब-ज्युनियर सब-ज्युनियरांत, ज्युनियर ज्युनियरांत, हॉस्टेलवरही तेच. सोळाव्या वर्षी मनगटात जादू असते, पण मैदानावर तोंडातून शब्द फुटत नाही.

गोलकीपर घडवणं हे माझं काम, त्यामुळे ही मुकी हॉकी मला चांगलीच टोचते. पेनल्टी कॉर्नरला गोलकीपर धरून पाच जण बचावाला. चेंडू ढकलल्यापासून ड्रॅग फ्लिक सुटेपर्यंत जेमतेम दीडेक सेकंद. पहिला रशर, म्हणजे फ्लिक मारणाऱ्यावर धावून जाणारा बचावपटू, कुठून धावणार, तो कोणती बाजू झाकणार, गोलकीपरला कोणती उरणार, हे सगळं चेंडू हलायच्या आधी बोलून ठरलेलं हवं. आमच्या सरावाला चाळिशीकडे झुकलेला एक जुना फुलबॅक येतो. परवा तो रशर पोराच्या मागे उभा राहिला. "अरे, सरळ कुठं पळतोस? गोलीला बॉल दिसू दे की!" मग गोलकीपरकडे वळून, "आणि तू रे? हा आडवा येतोय तर गप्प का? शिवी घाल त्याला!" दोन्ही पोरं हसली आणि पुढच्या कॉर्नरला गोलकीपर खरंच खच्चून ओरडला. मी वर्षभर हेच सांगत होतो. पण मी शिट्टीवाला. हा स्वतः मास्क लावून धावतो, गुडघ्यावर चेंडू खातो, म्हणून त्याचं म्हणणं पटतं.

खडकीच्या धनराज पिल्लेची कहाणी आपण मोडक्या स्टिकांपासून सुरू करतो. गरिबी खरीच होती, पण हॉकीच्या नजरेनं मला पुढचा भाग मोठा वाटतो. ऐंशीच्या दशकात तो मुंबईला आला तो थोरल्या भावाकडे. रमेश स्वतः भारताकडून खेळलेला, तेव्हा आरसीएफच्या संघात. पुढे महिंद्राकडे गेल्यावर शिकवायला जोकिम कार्व्हालो, म्हणजे 1984च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचा खेळाडू. चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळलेल्या माणसाच्या उमेदवारीच्या काळात घरात एक आंतरराष्ट्रीय खेळाडू होता आणि मैदानावर दुसरा. थोरल्या-धाकट्याची अशी जोडी एकाच गावातही सापडते: ओडिशातल्या सुंदरगढ जिल्ह्यातलं सौनामारा घ्या. दिलीप तिर्की तिथला, आणि पेनल्टी कॉर्नरला पहिला धावणारा अमित रोहिदासही तिथलाच.

थोरल्याची सावली अंगावर पडते, हेही खरं. गोलकीपरची जागा एकच. कृष्ण पाठक टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिम्पिकला राखीव राहिला, कारण पुढे श्रीजेश होता. उलट 2017मध्ये श्रीजेश जखमी असताना ढाक्याचा आशिया चषक भारतानं जिंकला तो यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा या गोलकीपरांवर. थोरला कधी बाजूला होतो, यावरही धाकट्याचं बरंच अवलंबून असतं. श्रीजेश 2024च्या पॅरिसच्या कांस्यपदकानंतर थांबला आणि लगेच ज्युनियर संघाचा प्रशिक्षक झाला. त्याच वर्षी त्या पोरांनी मस्कतला पाकिस्तानला 5-3 हरवून ज्युनियर आशिया चषक जिंकला.

म्हणून दिसेल त्या माजी खेळाडूला मैदानावर बोलवावं, असं नाही. कट्ट्यावर बसून "आमच्या वेळी मातीवर..." सुरू करणारे मी लांबूनच नमस्कार करून टाळतो. टर्फवरचा चेंडू त्यांनी कधी अडवलेला नसतो आणि आताचे नियम त्यांना ठाऊक नसतात. मला हवा असतो नुकता उताराला लागलेला, पण अजून किट बॅग उचलून येणारा माणूस. पाय मंदावलेले असल्यामुळे तो जागा आधी हेरतो आणि तोंडानं खेळतो. पोरांनी उचलायचं ते नेमकं हेच.

पालकांची हरकत ठरलेली: मोठ्यांत खेळून पोराला लागलं तर? लागू शकतं. म्हणून मोठ्यांच्या सामन्यात सोळाच्या आतल्या मुलाला मी रशर म्हणून धाडत नाही, मास्क आणि गुडघ्याचे पॅड असले तरी. बाकी चारही क्वार्टर त्यानं त्या फुलबॅकच्या पुढे हाफला खेळायचं. मागून शिव्या येतात. त्या मराठीत असतात, एवढी सूचना मी आईवडिलांना आधीच देऊन ठेवतो.